तारे-तारकांची गोड प्रेमकथा: चिनी अनुवाद घ्यावा की चालू मराठी?

मावसबहिणीची परीक्षा संपली तसं तिने विचारलं, "ताई, मले सांग ना, कोणती सुरू करू?" तिच्या मोबाइलवर दोन कथा तयार होत्या. एक चिनी मनोरंजनविश्वातली हलकीफुलकी प्रेमकादंबरी, साडेतीनशे भागांची, पूर्ण झालेली. दुसरी मुंबईच्या मालिकाविश्वातली, मराठी, अजून चालू असलेली. लोकमान्यनगर ते सीताबर्डी मेट्रोत मी रोज असंच काहीतरी वाचत असते, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे मांडते.

चिनी कथेची ओढ खरी आहे. नायक बहुधा मोठे पुरस्कार मिळवलेला नट, नायिका दुय्यम भूमिका करणारी, आणि दोघांचं लग्न गुपचूप झालेलं. एखाद्या शोचं थेट प्रक्षेपण चालू असताना तिच्या टेबलावर त्याचं घड्याळ दिसतं. पाच मिनिटांत वेइबो या चिनी समाजमाध्यमावर त्याचीच चर्चा! पुढची दोन पानं नुसत्या चाहत्यांच्या प्रतिक्रिया: कोणी रडतंय, कोणी फोटो मोठा करून घड्याळाचा पट्टा बघतंय. आपल्याला जे केव्हाचं ठाऊक आहे ते जगाला आत्ता कळतंय, याची मजा दर वेळी तेवढीच येते. शिवाय गैरसमज एका भागात मिटतो. तो विचारतो, ती सांगते, झालं. मे महिन्यात पारा ४५ वर गेलेला असताना, ऑफिसात दिवसभर डोकं पिकल्यावर, असं वाचायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

खोट लांबीत आहे. छीत्येन या चिनी संकेतस्थळाने २००३ मध्ये हजार अक्षरांच्या हिशेबाने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तीच रीत रुळली. साहजिकच कथा ताणली जाते. लग्न जाहीर झालं की गोष्ट संपलेली असते. तरी पुढे शंभर भाग पुरस्कार सोहळे, बाळ आणि बाळाला घेऊन केलेला शो.

अनुवादाचाही त्रास होतो. चिनी वाक्यात सर्वनाम पुष्कळदा गाळलेलं असतं, त्यामुळे मशीनने केलेल्या अनुवादात 'तो' मध्येच 'ती' होतो. आणि 'गग' म्हणजे थोरला भाऊ. तिकडे प्रियकरालाही लाडाने तसं म्हणतात. मराठीत ते 'दादा' होऊन आलं की ऐन चुंबनाच्या प्रसंगी फोन खाली ठेवावासा वाटतो.

पण मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. या कथांत कामच दिसत नाही. नायिका पहिल्याच टेकमध्ये सगळ्यांना रडवते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं पाहिलेल्या माणसाला हे कसं पटावं? वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव निघतात, प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, आणि नट दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. मी लहानपणी पडद्यामागे डोकावले होते. राणीची भूमिका करणारी बाई शाल पांघरून, पाय सुजलेले, स्टीलच्या पेल्यातून चहा पीत बसली होती. प्रेमकथेत तो पेला यायला हवा.

मराठी कथेत तो येतो. मुलगी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला निघते, आई स्टेशनवर डब्यासोबत संत्रा बर्फीचा खोका देते आणि गाडी हलल्यावरच डोळे पुसते. सेटवर तेरा तास, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली, मेकअप करून नुसतं ताटकळणं. भाषा आपली, 'अहो'वरून 'अरे'वर येण्यातलं प्रेम आपलं. पण इथे गैरसमज चाळीस भाग टिकतो, श्रीमंत नायक हात पिरगाळतो आणि लेखिका त्याला प्रेम म्हणते. हे मी माफ करू शकत नाही. आणि कथा अर्ध्यावर थांबली तर वाचक ताटकळत राहतो; माझ्या दोन आवडत्या कथा अशाच लटकल्या आहेत.

म्हणून थकून आला असाल, काहीतरी सुखाचं हवं असेल, तर चिनी घ्या. अनुवाद माणसाने केलेला बघा आणि लग्न जाहीर होईल त्या भागाला थांबा. भाषेसाठी वाचत असाल तर मराठी, पण 'पूर्ण' असं लिहिलेलं असेल तरच. बहिणीला मी चिनीच सुरू करायला सांगितली. फक्त मराठीतला तो स्टेशनचा भाग तिला आधी पाठवून दिलाय.