मिनेसोटाच्या थंडीत कोणतं झाड: हनीक्रिस्प की नॉर्थ स्टार?
अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या परसात एखाद्या रात्री पारा उणे ३० सेल्सिअसवरही उतरतो. तिथे तग धरणारी ही दोन्ही झाडं मिनेसोटा विद्यापीठाचीच: हनीक्रिस्प सफरचंद १९९१ चं, नॉर्थ स्टार चेरी १९५० ची. जागा एकाच झाडापुरती असेल तर चेरी लावा. ती जेमतेम आठ-दहा फूट वाढते आणि एकटीही फळते. सफरचंदाला परागीकरणासाठी जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. शेजाऱ्याचं क्रॅबॲपल, म्हणजे छोट्या आंबट फळांचं सफरचंदाचं झाडही चालतं. चेरी मात्र आंबट, मुरांब्यालाच बरी, शिवाय पिकली की पक्षी आधी ताव मारतात. हनीक्रिस्प कुरकुरीत, रसाळ, फ्रिजमध्ये महिनोन्महिने टिकणारं. जागा असेल तर माझं मत त्यालाच. हिवाळ्यात दोघांच्याही बुंध्याला पांढरं वेष्टण हवं, नाहीतर उन्हाने साल तडकते आणि उरलेली ससे कुरतडतात.