तूप, चरबी की करडईचं तेल? सोलापूरकरांसाठी एक तुलना

डॉक्टरांनी ‘तूप बंद’ सांगितलेले आजोबा आणि मोबाइलवर ‘तूप खा, वजन घटवा’ बघणारा नातू आता एकाच पंगतीत बसतात. खरं कुणाचं? दोघांचंही अर्धंच.

1961 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, जी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते) कमी करून वनस्पती तेलं वापरा असं सांगितलं आणि प्राण्यांच्या चरबीचं नाव खराब व्हायला लागलं. आपल्याकडे डालडा त्याआधीच, 1937 साली आलेला. स्वस्त आणि दिसायला तुपासारखा. पण तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचं, आणि ते हृदयाला तुपापेक्षाही वाईट ठरलं. भारतात 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तुपाची गेलेली अब्रू परत यायला डालड्याची फजिती बरीच कारणीभूत आहे. पण म्हणून तूप निर्दोष सुटलं असं नाही.

तूप 60 टक्क्यांहून जास्त संपृक्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार 2000 कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला अशी चरबी साधारण 22 ग्रॅम चालते. एका मोठ्या चमचाभर तुपात 8-9 ग्रॅम जातात. अडीच चमच्यांत कोटा संपला. दूध, पेढा, मटण अजून मोजलेलंच नाही.

मटणाची चरबी निम्म्याच्या आसपास संपृक्त, म्हणजे तुपापेक्षा कमीच! हे सांगितलं की शाकाहारी मंडळी नाराज होतात. चरबीचा तुकडा पातेल्यात वितळवून त्यातच कांदा आणि काळा मसाला परतला, तर वेगळं तेल लागत नाही. घोळ होतो तो तर्रीसाठी वरून पुन्हा पळीभर तेल ओतल्यावर. खाटीक ‘चरबी ठेवू का?’ विचारतो तेव्हा थोडीच ठेवायला सांगा, आणि घरी तेलाचा हात आखडा.

करडई मात्र आपल्या रानातली. ज्वारीच्या कडेने लावली की काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. तेलात संपृक्त चरबी 10 टक्क्यांच्या आत, आणि तुपाच्या जागी वापरलं तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. खोट एकच: तळणीत पुन्हापुन्हा तापवलं की लवकर खराब होतं. भज्यांना शेंगतेल घ्या. रोजच्या फोडणीला माझं मत करडईलाच.

पुरणपोळीवर तूप हवंच, त्यात वाद नको. रक्तात वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर मात्र चमचा मोजून, डॉक्टरांना विचारून. आणि कडक भाकरीसोबतच्या शेंगाचटणीवर तूप घालायची नवी फॅशन मला पटत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. उखळात नीट कुटली तर चटणी स्वतःच तेल सोडते. फार कोरडी वाटली तर दही घ्या.