समर क्लास: पेल घेऊन युनिव्हर्सिटीत, की पदरचे भरून काउंटी कॉलेजात?

धाकट्या बहिणीला या उन्हाळ्यात स्टॅटिस्टिक्स उरकून टाकायचंय. "दादा, पेल मिळतंय तर काउंटी कॉलेजात घरचे पैसे कशाला घालवू?" असं तिने विचारलं. (पेल म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारकडून मिळणारी, परत न फेडायची मदत. काउंटी कॉलेज म्हणजे आपल्या काउंटीतलं दोन वर्षांचं, स्वस्तातलं कॉलेज.) दोन वर्षांपूर्वी मीही हाच हिशेब केला होता.

काकाने पेटिशन केलं म्हणून आम्ही ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत आलो. बाबा गॅस स्टेशनवर, आई आणि मी एडिसनजवळच्या किराणा दुकानात. घरचं उत्पन्न एवढं कमी की फॅफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) भरला की पेल पूर्ण मिळायचं. (एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना पेल मिळत नाही, त्यांचं गणित वेगळं.)

आधी युनिव्हर्सिटीबद्दल. फॉल आणि स्प्रिंग या दोन मुख्य सेमिस्टरांत वर्षाचं पेल संपलं तरी २०१७ पासून उन्हाळ्यासाठी आणखी निम्म्यापर्यंत मिळू शकतं. २०२४-२५ मध्ये पूर्ण पेल ७,३९५ डॉलर होतं. उन्हाळ्यात सहा क्रेडिटं (म्हणजे साधारण दोन क्लास) घेतली तर त्याचा साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १,८०० च्या थोडे वर, बिलातून वजा होतात. शिवाय प्राध्यापक आपलेच, ग्रेड जीपीएत (एकूण सरासरीत) धरली जाते, ट्रान्सफरची भानगड नाही. कागदावर तरी हाच पर्याय चांगला दिसतो.

घोडं अडतं ते सहा क्रेडिटांच्या अटीवर. या जादा पेलसाठी निदान अर्धवेळ नोंदणी लागते, एका क्लासवर भागत नाही. मला खरं तर इकॉनॉमिक्सचा एकच क्लास हवा होता. सहा भरावीत म्हणून जुलैत सुरू होणारा दुसरा घेतला. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी मी दुकानात मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होतो, तेव्हा फोनवर ईमेल आली: पुरेसे विद्यार्थी नाहीत, जुलैचा क्लास रद्द. इकॉनॉमिक्सची परीक्षा चार दिवसांवर आली होती. सहाची तीन क्रेडिटं झाली आणि मंजूर झालेलं पेल खात्यावरून गेलं.

एड ऑफिसातल्या (युनिव्हर्सिटीत आर्थिक मदतीचं बघतात तिथल्या) बाईंनी मनापासून मदत केली. दुसरा क्लास शोध म्हणाल्या. पण उरलेले क्लास एक तर भरलेले होते, नाहीतर माझ्या डिग्रीत न धरले जाणारे, आणि डिग्रीत न बसणाऱ्या क्लासला पेल लागू होत नाही. इकॉनॉमिक्सचं सगळं बिल आमच्या अंगावर आलं. ते थकलं म्हणून खात्यावर होल्ड, आणि होल्ड होता तोवर फॉलचे क्लास बदलता येईनात. शेवटी गावी आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आईने बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. ऑपरेशन दिवाळीपर्यंत लांबलं. ते मला अजून लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात काउंटी कॉलेजात एकच क्लास घेतला. फी धरून सहाशेच्या आसपास पडला, तेही हप्त्यांनी. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, दिवसा दुकान. तिथला कुठला क्लास आपल्याकडे कशाच्या बदली धरतात ते 'एनजे ट्रान्सफर'च्या साइटवर आधी बघितलं आणि ॲडव्हायझरकडून लेखी परवानगी घेतली. ही परवानगी क्लास सुरू व्हायच्या आधीच घ्या. उणी बाजू एवढीच की आमच्याकडे क्रेडिट आलं, ग्रेड जीपीएत धरली नाही. जीपीए वर आणायचा असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

दोन्ही कॉलेजांनी आपसात करार केला तर आपल्या युनिव्हर्सिटीमार्फत पेल काउंटी कॉलेजच्या क्लासला वापरता येतं. मला तो करार मिळाला नाही, तुम्ही विचारून बघा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पेल आयुष्यात पूर्णवेळ १२ सेमिस्टरांएवढंच मिळतं आणि उन्हाळ्यात घेतलेलंही त्यातच मोजलं जातं. मी मधे मेजर (मुख्य विषय) बदलला, डिग्री लांबली, त्यामुळे मला पेलचं शेवटचं सेमिस्टर जपून ठेवावं लागलं.

तुम्हाला खरोखरच दोन क्लास हवे असतील, दोन्ही दरवर्षी भरणारे असतील आणि शक्यतो पहिल्याच सेशनमध्ये असतील, तर पेल घेऊन युनिव्हर्सिटीतच करा. फॉल किंवा स्प्रिंगमध्ये कमी क्रेडिटं घेतल्यामुळे वर्षाचं पेल उरलं असेल, तर एका क्लासलाही काही रक्कम मिळू शकते. एड ऑफिसला नेमकं हेच विचारा. माझा अनुभव एका उन्हाळ्याचा आहे, तुमचं कदाचित सुरळीत पार पडेल.

बहिणीच्या यादीत मात्र एकच क्लास आहे. मी तिला काउंटी कॉलेजच्या नोंदणीची तारीख पाठवली आणि पहिला हप्ता मी भरतो म्हणून सांगितलं.