‘शक्तिवर्धक’ कॅप्सूल आणि साधे अश्वगंधा चूर्ण

रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ‘पूर्णतः नैसर्गिक’ एवढ्याच शब्दांवर विसंबून घेतलेली ही लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या कॅप्सूलची बाटली मी तिसऱ्या दिवशी बंद केली, कारण तासाभरात परिणामाचे आश्वासन देणाऱ्या वेष्टनावर घटकांचे प्रमाण, परवाना क्रमांक किंवा मुदत यांपैकी काहीच छापलेले नव्हते. अशा तत्काळ गुण देणाऱ्या ‘वनौषधीं’मध्ये सिल्डेनाफिल (‘व्हायग्रा’तील औषध) मिसळलेले अनेकदा आढळले आहे, हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट औषधे घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो. माझ्या मते अशी बाटली विकणे हा गुन्हाच मानला पाहिजे.

त्यानंतर वैद्यांनी नाडी पाहण्याआधी माझ्या चालू गोळ्यांची यादी मागितली, हे मला फार मोलाचे वाटले. त्यांनी दिलेले अश्वगंधा चूर्ण कडवट, उग्र वासाचे असून त्याचा परिणाम सावकाश होतो. झोप सुधारली, बाकी फरक माफक आहे. थायरॉईडची औषधे घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र ते परस्पर सुरू करू नये. खाजकुइलीच्या बियांत तर लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या आजारावर दिले जाणारे औषधी द्रव्य असते, म्हणून ते चूर्ण मी नाकारले. शिवाय लिंगाच्या ताठरतेची तक्रार मधुमेहाचे पहिले लक्षण असू शकते, त्यामुळे रक्तातील साखर तपासून घेण्याचा त्यांचा आग्रह मला योग्यच वाटला.