ब्लॅक सॅबथचा घरच्या मैदानावरचा शेवटचा शो, स्ट्रीमवर बघितला त्याबद्दल

५ जुलै २०२५ ला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल स्टेडियमवर ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा बॅक टू द बिगिनिंग हा निरोपाचा शो झाला, तो आम्ही मित्रांनी पैसे भरून स्ट्रीमवर बघितला, आणि लिहितो लिहितो म्हणता म्हणता २२ जुलैला त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न गेल्याची बातमी आली, मग आधी लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. आता परत लिहायला बसलोय कारण आमच्या ग्रुपवर अजून तोच वाद चालू आहे, की पार्किन्सन्सच्या आजाराने थकलेल्या, उभंही राहता न येणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून गायला लावायचं आणि त्याचे बघणाऱ्यांकडून साधारण २५ पौंड घ्यायचे हे बरोबर होतं का. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पैसा वसूल, आणि दुप्पट मागितले असते तरी दिले असते.

तक्रारी पहिल्या सांगतो म्हणजे मोकळा होतो. स्ट्रीम लाइव्ह नव्हता, मैदानावर जे होत होतं ते आम्हाला दोन तास उशिरा दिसत होतं, आणि आमच्यातला एक जण नोकरीसाठी तिकडेच असतो तो प्रत्यक्ष स्टेडियममध्ये होता, त्यामुळे त्याला हात जोडून सांगावं लागलं की बाबा रे आमचं बघून होईपर्यंत ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस. त्याने पाळलं बिचाऱ्याने, पण मला राहून राहून वाटत होतं की तिकडे सगळं होऊन गेलंय आणि आपण मागून बघतोय. दुसरं म्हणजे लॉगिनचं पेज. पैसे कापले गेले, मेल आला, आणि पेज नुसतं गरगर फिरत बसलं, दोनदा बाहेर पडून परत आत गेलो तेव्हा चालू झालं, त्यात पहिल्या बँडचं अर्धं गाणं गेलं. बाकी दिवसभर चित्र कुठे अडकलं नाही आणि आवाज तर छानच होता, गिटार आणि बेस वेगवेगळे ऐकू येत होते, हेडफोन लावून बघणाऱ्यांचं सोनं झालं.

आता जागेबद्दल, कारण ती नाही समजली तर शोची अर्धी मजा गेली. सॅबथ हा अ‍ॅस्टनचा बँड, म्हणजे बर्मिंगहॅमच्याच एका भागातला, १९६८ मध्ये तिथल्या कामगारांची चार पोरं एकत्र आली आणि व्हिला पार्क त्यांच्या गल्ल्यांपासून चालत जाण्याएवढं. ऑझी लहान असताना मॅच बघायला आलेल्या लोकांच्या गाड्या राखून चार पैसे मिळवायचा, बेस वाजवणारा गीझर बटलर तर तिथल्या फुटबॉल क्लबचा चाहता, जन्माचा अ‍ॅस्टन व्हिलावाला. ज्या स्टेडियमबाहेर तो पोरगा गाड्यांपाशी उभा राहायचा त्याच स्टेडियममध्ये शेवटी चाळीसेक हजार लोक त्याच्यासाठी आले, हे मनात ठेवून बघा, सगळं वेगळंच दिसतं.

आणि मूळ ड्रमर बिल वॉर्डचं. सॅबथने निरोपाची टूर करून २०१७ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्येच शेवटचा शो केला होता, पण ड्रमवर बिल नव्हता, २०१३ च्या अल्बमवरही नव्हता, आणि ते आम्हा जुन्या लोकांना इतकी वर्षं सलत होतं. मूळ चौघं एकत्र वाजवले ते २००५ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी हे चार जण एका स्टेजवर. मी खरं तर तेवढ्यासाठीच पैसे भरले होते.

दिवसभराचे बाकी बँड सगळे सांगत बसत नाही, मॅस्टोडॉनपासून सुरू करून अँथ्रॅक्स, अ‍ॅलिस इन चेन्स, गोजिरा, पँटेरा, टूल, स्लेअर, गन्स एन रोझेस, मेटॅलिका, नुसती नावं वाचूनच दम लागतो. गिटारिस्ट टॉम मोरेलोने सगळी जुळवाजुळव केली होती आणि त्याला मनापासून सलाम, कारण एवढे मोठमोठे बँड एका दिवसात आणि प्रत्येकाला थोडाच वेळ, त्यात स्वतःची दोनतीन गाणी आणि सॅबथ किंवा ऑझीचं एखादं, तरी कुणी हात राखून वाजवलं नाही. स्टेज फिरतं होतं, एक बँड पुढे वाजवतोय तोवर मागे दुसऱ्याचं सामान लागतंय, त्यामुळे मोठ्या फेस्टिवलला जो ताटकळत बसायचा कंटाळा येतो तो आलाच नाही. नट जेसन मोमोआ सूत्रसंचालनाला होता आणि पँटेराच्या वेळी तो सरळ गर्दीत घुसून धक्काबुक्की खेळायला लागला, ते बघायला मजा आली.

दोन गोष्टी मात्र थांबून बघा. एक म्हणजे चॅड स्मिथ, ट्रॅव्हिस बार्कर आणि डॅनी कॅरी या तिघांची ड्रमची जुगलबंदी, तिघांचे हात तीन तऱ्हेचे, कॅरीचा मोजूनमापून, स्मिथचा दणकट, बार्करचा चपळ, आणि गाणं एकच. दुसरी म्हणजे यंगब्लड या गायकाने गायलेलं सॅबथचं चेंजेस. डॉनकास्टरचा हा पोरगा, आमच्या ग्रुपवर त्याचं नाव आल्यावर चारपाच जणांनी नाकं मुरडली होती, आणि गाणं संपल्यावर त्याच लोकांनी एकही शब्द टाइप केला नाही. आख्खं मैदान त्याच्याबरोबर गात होतं, एवढं बोललं तरी पुरे.

मग ऑझी, आधी एकट्याची गाणी घेऊन. स्टेजखालून काळं सिंहासन वर आलं, सिंहासनाच्या माथ्यावर वटवाघूळ, आणि त्यात हा ७६ वर्षांचा माणूस बसलेला. पार्किन्सन्स झाल्याचं त्याने २०२० च्या जानेवारीत सांगितलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी पडला होता, मग मणक्याच्या शस्त्रक्रिया, सहा वर्षं जवळजवळ अंथरुणालाच. ते त्याने स्टेजवरूनही लोकांना सांगितलं. कॅमेरेवाल्याने इथे जे केलं त्यासाठी मी या स्ट्रीमला पूर्ण मार्क देतो, लांबून भव्यबिव्य दाखवत न बसता तो चेहऱ्याजवळ थांबला. डोळे तेच, मोठ्ठे, काजळ घातलेले, हात कापतोय आणि तोच हात तो लोकांना टाळ्या वाजवायला लावायला वर नेतोय. दर थोड्या वेळाने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून तो उठायचा प्रयत्न करत होता, अर्धा उठायचा, परत बसायचा, परत प्रयत्न. हे मी चारपाच वेळा बघितलं आणि प्रत्येक वेळी माझ्याही नकळत मी सोफ्यावर पुढे सरकत होतो.

सूर सगळीकडे लागला का, नाही लागला. काही ओळी सुटल्या, काही ठिकाणी आवाज फाटला, ज्यांना रेकॉर्डसारखं ऐकायचंय त्यांनी रेकॉर्ड लावावी. पण मामा आयम कमिंग होमला त्याचा गळा दाटून आला आणि तिथून पुढचं लोकांनी उचलून धरलं, आपल्या गावात बसून घरी येतोय आई असं गाणारा माणूस, मला गलबलून आलं, लपवत नाही. शेजारी त्याचा गिटारवाला झॅक वाइल्ड मान खाली घालून जीव तोडून वाजवत होता आणि मधूनमधून ऑझीकडे बघत होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण बघतो तसं.

शेवटी सॅबथ, फक्त चार गाणी. भोंगा वाजला आणि वॉर पिग्स सुरू झालं, मग एनआयबी, आयर्न मॅन, पॅरनॉइड. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताचा क्लोजअप आला तो मी कधी विसरणार नाही. हा डावखुरा, म्हणजे उजव्या हाताने तारा दाबणारा, १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये याच हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, मग याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपण्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या करून गिटार खालच्या सुरात लावली, आणि त्यातून जो जड काळा आवाज आला त्यावर या सगळ्या बँडांची पोटं भरली. कारखान्याच्या गावातला अपघात आणि त्याच गावातला शेवटचा शो, आणि त्या टोपण्या घातलेली बोटं ७७ व्या वर्षी तशीच पळतायत.

बिलने मधेच शर्ट काढला, पूर्वीसारखा. त्याचा ताल कधी थोडा मागे, कधी थोडा पुढे, पण सॅबथ असंच डुलत चालतं, यंत्रासारखं वाजवणारे ड्रमर बरेच मिळतील, हे डुलणं कुणाकडे नाही. माझ्या वीस वर्षांच्या सलाचं उत्तर तिथे मिळालं.

आता वादाबद्दल. नफा तीन ठिकाणी सारखा वाटायचा असं आधीच जाहीर होतं: क्युअर पार्किन्सन्स, बर्मिंगहॅमचं मुलांचं हॉस्पिटल, आणि अ‍ॅकॉर्न्स, जिथे बरी न होणारी मुलं आणि त्यांच्या घरच्यांची काळजी घेतात. म्हणजे जो आजार त्या खुर्चीत बसलेला आम्हाला दिसत होता त्याच्याच संशोधनाला पैसे चालले होते, आणि बाकीचे पैसे त्याच भागातल्या पोरांना. ग्रुपवरच्या एकाचं म्हणणं होतं की त्याला आधार देऊन घरी बसवायला हवं होतं. त्याला मी एवढंच विचारलं की तू त्याचा चेहरा बघितलास का, कारण मी बघितला, आणि त्याला तिथे कुणी ओढून आणलं असं मला एका क्षणालाही वाटलं नाही. जमा किती झाले यावर नेटवर वाट्टेल ते अवाढव्य आकडे फिरतायत, कृपा करून ते फॉरवर्ड करू नका.

ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी कुठल्याही क्लिपपासून सुरुवात करा पण पॅरनॉइड संपल्यानंतरचं बंद करू नका. आतषबाजी चालू आहे, गीझर ऑझीसमोर केक घेऊन येतो, आणि ऑझी त्या केककडे नाही, समोरच्या लोकांकडे बघत राहतो.