गुलाबांसाठी घेतलेलं ड्रिप किट: पाईप झकास, टायमरने रडवलं

पुण्यात सिंहगड रोडला आमची बिल्डिंग, गच्चीवर २२ कुंड्या, त्यातल्या १६ गुलाबाच्या. मागच्या मेमध्ये आठ दिवस गावी गेलो तेव्हा शेजारच्या मुलाला पाणी घालायला सांगितलं होतं, त्याने घातलंही बिचाऱ्याने, पण दुपारी क्लासवरून आला की झारीने वरच्यावर शिंपडून मोकळा. आलो तर माती वरून ओली आणि दोन बोटं खाली खडखडीत. गुलाबांतला ग्लॅडिएटर जातीचा गेला, डबल डिलाइट जातीचा कसाबसा वाचला. म्हणून यंदा फेब्रुवारीतच ड्रिप किट मागवलं, म्हणजे नळ्यांतून प्रत्येक कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारं. ब्रँड सांगत नाही, असली किटं पाच-सहा नावांनी सगळीकडे तीच मिळतात.

किट १४५० ला, ठरल्या वेळी पाणी आपोआप सोडणारा टायमर वेगळा १९०० ला. किटमध्ये १६ एमएमचा काळा पाईप, ४ एमएमची बारीक नळी, ड्रिपर (कुंडीत थेंब सोडणारी छोटी तोटी), पाईपला भोक पाडायचा पंच, टी, एंड कॅप. जोडायला एक रविवार गेला. बारीक नळी ड्रिपरवर चढता चढत नाही, गरम पाण्यात टोक बुडवलं की लगेच जाते, हे माहितीपत्रकात नाही, आमच्या बाबांनी सांगितलं. पाईपचा दर्जा खरंच चांगला आहे, अख्खा एप्रिल उन्हात पडून होता पण कुठे तडकला नाही की सांध्यातून गळला नाही.

आता टायमर. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर लावून बघायला गेलो, टिक् आवाज आला आणि पाणी काय तर थेंब थेंब. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे सर बॅटरी बदला. बदलली. परत तेच, परत फोन, परत बॅटरी, आणि या नादात परत द्यायची मुदत संपली. मग कळलं की यात सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप) आहे आणि तो नीट उघडायला पाण्याचा दाब लागतो. दहा मीटर उंचीवरचं पाणी म्हणजे साधारण एक बार दाब, आमच्या नळापासून टाकी जेमतेम पाच फूट वर, म्हणजे ०.१५ बार. डब्यावर एवढ्याशा अक्षरात ‘किमान ०.५ बार’ लिहिलंय, ते मी भिंग घेऊन वाचलं. गच्चीवरच्या टाकीवर लावायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हचा टायमर मागा, त्यात छोटी मोटर व्हॉल्व्ह फिरवते, दाब नसला तरी चालतो. मी शेवटी साधा कॉक लावला आणि उठून हाताने फिरवतो.

दुसरी गंमत म्हणजे माहितीपत्रक म्हणतं सकाळी ५ मिनिटं, संध्याकाळी ५ मिनिटं. ड्रिपरवर ४ लिटर तासाला लिहिलंय, त्या हिशोबाने दहा मिनिटांत ६५० मिली तरी यायला पाहिजे. मी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं नेऊन ठेवलं (आईने ते परत घेतलं नाही, आता तुझंच म्हणाली), तर पहिल्या कुंडीला ३०० आणि शेवटच्या कुंडीला १८०. दाब कमी की धार कमी, सरळ आहे. चौदा इंची कुंडीतल्या गुलाबाला चाळीस डिग्रीत एवढ्याने काय होणार, वरचे दोन इंच भिजतात आणि मुळं त्या ओलीसाठी वरच येऊन बसतात, मग एक दिवस पाणी चुकलं की झाड झोपलंच.

आता एकदाच, पहाटे, पाऊण तास सोडतो, खालच्या भोकातून पाणी दिसेपर्यंत. शेवटच्या चार कुंड्यांना दोन-दोन ड्रिपर, समोरासमोर, डोळा भरलेल्या जागेपासून, म्हणजे बुंध्यावरच्या कलमाच्या गाठीपासून, लांब. मधेच एक दिवस माती ओलसर लागली तर सोडतच नाही, बोट दोन इंच घालून बघायचं, वाफसा असेल, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, तर राहू दे. कोकोपीट जास्त असलेली कुंडी एकदा पूर्ण सुकली की माती कडेपासून सुटते आणि पाणी कडेकडेनेच खाली पळतं, तिथे ड्रिप काही कामाचं नाही, बादलीतच बसवावी लागते अर्धा तास.

बाबांचं आणि माझं दुपारचं भांडण अजून चालू आहे. दोन वाजता पानं माना टाकतात, की बाबा पाण्याचा मग घेऊन वर. पण तेव्हा माती ओली असते, नुसतं ऊन सोसत नसतं म्हणून पानं लोंबतात, सहा वाजता आपोआप ताठ. संध्याकाळी तशीच राहिली तर खरी तहान.

पानं कोरडी राहतात हा ड्रिपचा मोठा फायदा, पानांवरचा काळ्या ठिपक्यांचा रोग बराच कमी झाला. पण त्याच कोरडेपणात एप्रिलमध्ये लाल कोळी ही बारीक कीड आली, पानांच्या मागे बारीक जाळी. त्यामुळे आठवड्यातून दोनदा सकाळी पंपाने पानं खालून धुवावी लागतातच, म्हणजे काम संपलं असं काही नाही.

आच्छादन किटबरोबर येत नाही पण त्याशिवाय किट अर्धंच. मी आधी रसवंतीवाल्याकडून उसाचा चोथा फुकट आणला, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची जत्रा. आता नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, दोन-तीन इंच, बुंध्याला न चिकटवता.

मे उजाडला की सोसायटीत टँकर सुरू. ते जड पाणी तीन आठवड्यांत ड्रिपर पांढरे करून बंद पाडतं. हे ड्रिपर उघडता येतात म्हणून वाचलो, रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले की साफ. हार्डवेअरवाल्याकडून जाळीचा फिल्टर आणून बसवला तरी पांढरा थर येतोच, जाळी कचरा अडवते, क्षार नाही. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारीच रात्री टाकी बघून ठेवतो, कारण शुक्रवारी सकाळी येतं ते उशिरा आणि कमी, आणि सेक्रेटरी आधीच माझ्या पाईपकडे संशयाने बघतात.

किटला पाचपैकी चार, माहितीपत्रकाला शून्य. टायमर धाकट्या मेव्हण्याला दिला, त्याची बाल्कनी टाकीच्या पाच मजले खाली आहे, तिथे पठ्ठ्या पहिल्याच दिवशी सुरू झाला.