आयफोनचा लॉकडाउन मोड: वापरून कसा वाटला, आणि तो लागतोच का

लॉकडाउन मोड, म्हणजे हेरगिरीच्या हल्ल्यांपासून वाचायला फोनच्या काही सोयी बंद करणारी सेटिंग, माझ्या फोनवर बरेच महिने चालू आहे आणि मी काही तो बंद करणार नाहीये. २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर आला, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत पार खाली सापडतो, चालू केला की फोन रीस्टार्ट होतो, झालं. वेगळे पैसे नाहीत.

साधे कॉल, साधे मेसेज नेहमीसारखेच चालतात. फरक जाणवतो सफारीत, काही साइट्सचे फॉन्ट लोडच होत नाहीत म्हणून बटणांवर आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, जड साइट्स हळू उघडतात, मेसेजमध्ये लिंकचा प्रिव्ह्यू येत नाही, फोटो वगैरे सोडले तर बहुतेक अटॅचमेंट अडवल्या जातात. अनोळखी माणसाचा फेसटाइम कॉल वाजतच नाही. भरवशाची साइट असेल तर तेवढीच यातून वगळता येते, मी कामाच्या साइटचं तेच केलंय.

एवढं सगळं बंद कशासाठी, तर पेगाससमुळे, म्हणजे गुपचूप फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या स्पायवेअरमुळे. २०२१ मध्ये असे हल्ले शोधणाऱ्या सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन गटाला एका कार्यकर्त्याच्या फोनमध्ये अशा फाइल्स सापडल्या की नावाला जिफ पण आतून पीडीएफ, आयमेसेजवर नुसत्या आल्या तरी फोन ताब्यात, कशावर क्लिक करायची गरजच नाही. अशा वेळी ‘सावध राहा’ सांगून काय उपयोग? २०२३ मध्ये असाच दुसरा हल्ला सापडला तेव्हा अ‍ॅपलने सिटिझन लॅबला सांगितलं की लॉकडाउन मोड तो रोखतो. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

पण खरा राग येतो तो विकणाऱ्यांचा. पेगासस बनवणारा एनएसओ ग्रुप म्हणतो आम्ही फक्त सरकारांना विकतो, गुन्हेगार आणि दहशतवादी पकडायला, वापर ग्राहक करतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये सुमारे १४०० फोनवरच्या हल्ल्यावरून केस केली, त्यात समोर आलेल्या कागदांवरून दिसलं की ग्राहकाने फक्त नंबर टाकायचा, बाकीचं सगळं कंपनीची सिस्टिम करते. म्हणजे विकून हात झटकले असं नाहीच, प्रत्येक हल्ल्यात त्यांचा हात आहे, मग जबाबदारीही त्यांचीच ना! मे २०२५ मध्ये ज्युरीने जवळपास १६.८ कोटी डॉलर द्यायला लावले, नंतर न्यायाधीशांनी रक्कम खूप कमी केली पण व्हॉट्सअ‍ॅपच्या युजर्सवर हल्ले करायला कायमची बंदी घातली, आणि ती बंदी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. ‘आम्ही जबाबदार कंपनी, फक्त लोकशाही देशांना देतो’ म्हणणाऱ्या पॅरागॉन या दुसऱ्या स्पायवेअर कंपनीचंही तेच, जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सुमारे ९० जणांना कळवलं की तुमच्यावर त्यांच्या स्पायवेअरचा हल्ला झालाय, त्यात पत्रकार होते. विकायच्या आधी ग्राहक तपासला म्हणे, मग नंतर नंबर कोणाचे टाकले जातायत हे कोण तपासणार?

मोडच्या मर्यादाही आहेत. मोबाइल टॉवरवरून लोकेशन काढणं याने थांबत नाही. अँड्रॉइडवाल्यांसाठी हा नाहीच, त्यांनी अँड्रॉइड १६ मधलं अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन बघावं. आणि समोरच्याचा फोन उघडा असेल तर तुमचं बोलणं तिकडून जातंच, २०१८ मध्ये खून झालेले सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांच्याशी चॅट करणाऱ्या एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनमध्ये त्याच वर्षी पेगासस सापडला होता. तेव्हा पत्रकार, वकील, कार्यकर्ते असाल तर घरच्यांच्या आणि रोज बोलता त्या सहकाऱ्यांच्या फोनवरही हा मोड आजच चालू करून द्या.